आवडाबाईचा पहिला घास

चमचे काढलेत पिशवीतून? असू द्या हाताशी, इथे त्याला कुणी हसत नाही. पण पानाला हात एवढ्यात लावायचा नाही. भात वाढला, तूप पडलं, तरी नाही. ही खडपकोंडची पंगत आहे. समोर तो काळा कातळ दिसतो ना, त्याच्या पोटातून झरा येतो, आणि दर वैशाखात त्या झऱ्याच्या नावाने सारा गाव ह्या सपाटीवर जेवायला बसतो. बाकीच्या गावांत आधी पाहुणा जेवतो, मग घरचे पुरुष, मग पोरंबाळं, आणि सगळ्यांचं उरकल्यावर जिने रांधलं ती बाई. आमच्याकडे उलटं. जिने रांधलं ती आधी येऊन बसते, सगळ्यांदेखत पहिला घास घेते, आणि मगच पंगतीचे हात पानाला लागतात. शहरातली माणसं विचारतात, ही कुठली नवी सुधारणा? नवी कसली, पाच-सहा पिढ्या झाल्या. बाई यायला अजून वेळ आहे, तोवर ऐका.

राणीचं राज्य नुकतंच लागलं होतं, असं सांगतात. त्याच्या थोडं आधीपर्यंत खडपकोंडला पाणी नव्हतं. बाया खालच्या नदीवरून हंडे भरून चढण चढायच्या. आवडाबाई त्यांतलीच एक. एका वर्षी सातव्या महिन्यात ती हंड्यासकट घसरून पडली आणि पोटातलं पोर गेलं. दुसऱ्या दिवशी पहार आणि छिन्नी घेऊन तिचा नवरा धाकू ह्या कातळाशी येऊन बसला, कारण भर उन्हाळ्यातही कातळाच्या एका भेगेला ओल असायची. तीन उन्हाळे त्याने घाव घातले. गाव म्हणायचा, धाकूचं डोकं फिरलंय. तिसऱ्या वैशाखात पाणी आलं, आणि डोकं फिरलंय म्हणणारेच आधी ओंजळ भरायला धावले.

गावाने पंगत घातली. आवडाबाईने रांधलं. पुढे दोन वर्षांत दगडाची धूळ छातीत बसून धाकू गेला, तरी पंगतीचं रांधणं आवडाबाईकडेच राहिलं. तिच्या हाताला चव होती, हे एक. दुसरं म्हणजे ह्या पाण्यावर तिच्याहून जास्त हक्क कुणाचा सांगणार?

मग सडकेचा साहेब आला. त्याचं नाव कुणालाच धड म्हणता येईना, म्हणून तो आमच्यात सडकेचा साहेब म्हणूनच राहिला आहे. बंदरापासून घाटापर्यंत सडक न्यायची होती. साहेब दुर्बीण लावून बघायचा, माणसं मोजणीच्या साखळ्या टाकायची, आणि जिथून सडक जाणार तिथे लाल फडक्याच्या खुंट्या ठोकायची. एके सकाळी आवडाबाई पाण्याला आली तर एक खुंटी झऱ्याच्या तोंडाशी आणि दुसरी थेट कातळाच्या माथ्यावर. विचारलं तर कळलं, चार दिवसांनी सुरुंग लावून कातळ उडवायचा आहे.

गावाचा प्रमुख होता सोनजी गावकर. माणूस वाकडा नव्हता, पण रीतभात म्हणजे त्याला जीव की प्राण. तो दोनदा साहेबाच्या तंबूवर गेला, आणि दोन्ही वेळा कारकुनाने त्याला बाहेरूनच परत लावून दिलं. साहेबापुढे उभं राहायलाच मिळेना. तेव्हा आवडाबाई म्हणाली, "उद्या पंगत हाय. जेवाया बोलवा त्याला. जेवनाचं आवतण कुनी मोडत नाय."

"आनि पान्याचं कधी बोलायचं?" सोनजीने विचारलं.

"पानावरनं उठल्यावर. उपाशी पाहुन्याकडं काय मागतात काय?"

तेवढी गोष्ट पक्की ठरली. साहेब पोटभर जेवला तर मागायचं. पानावरून उपाशी उठला तर मात्र तोंडच उरत नाही. जो पाहुणा आपलं अन्न घेत नाही त्याच्यापुढे पदर कसा पसरायचा? आवडाबाई दिवस उगवायच्या आधीपासून चुलीशी होती. काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी, वालाचं बिरडं, गुळाची खीर. एकेका भांड्यावर ती झाकण ठेवत होती आणि मनात एकच, ह्याला आवडू दे.

जेवणाचं आवतण कारकुनाने अडवलं नव्हतं. दुपारी साहेब आला, आणि पहिल्या पावलापासून सगळं उलटंच सुरू झालं. आमची माणसं पायताणं काढून डोक्याला पागोटं घालून बसलेली. साहेबाने पायातले बूट तसेच ठेवले आणि डोक्यावरची टोपी काढली. बोडक्या डोक्याने पानावर बसतो म्हणजे ह्याच्या घरात कुणी गेलंय की काय, असं म्हातारे कुजबुजायला लागले. मांडी त्याला घालता येईना. एक पाय सोनजीच्या पानाकडे लांब पसरला, तो त्याने लाजून ओढून घेतला, तर दुसरा निसटला. त्याच्याबरोबर इनास म्हणून त्याचा बटलर होता, गोव्याकडचा किरिस्ताव. त्याने फडक्यातून सुरी, काटा आणि चमचा काढून पत्रावळीच्या दोन्ही बाजूंना मांडले. झालं, पंगत ताठ झाली. आमच्याकडे पंगतीला येताना कोयतासुद्धा बांधावर ठेवून येतात, आणि इथे पाहुण्याच्या पानाशी उघडं पातं.

सोनजी अर्धा उठलाच होता. हे पातं कशाला, असं त्याने विचारल्यावर इनास घाईघाईने म्हणाला, "तसं काय ना हो. त्यांच्यात हाताक अन्न लागलेलां चलना. ह्येच त्यांचे हात." सोनजी बसला, पण तोंड कडू करून.

वाढून झालं. सोनजीने हात जोडून म्हटलं, "साहेब, सावकाश होऊ द्या." साहेबाने मान लववली, हसला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

पंगत थांबली. पाहुण्याने सुरुवात केल्याशिवाय घरचा माणूस घास कसा उचलणार? साहेब काही उचलेना. सोनजीने पुन्हा विनंती केली. साहेबाने पुन्हा मान लववली. तूप भातात जिरून गेलं. पोरं रडवेली झाली, एकाने बोट आमटीत घातलं तर आजोबांनी मनगट धरलं. शंभर माणसं भरल्या पानांसमोर हात आवरून बसली आहेत आणि कुणाला कळत नाही का. साहेब मधूनमधून आवडाबाईकडे बघायचा, ती पळी घेऊन उभी होती तिकडे, आणि नजरानजर झाली की अदबीने मान झुकवायचा.

तिला वाटलं, आपल्या हातचं ह्याला चालत नाही. विधवेच्या हातचं आहे, असं कुणी सांगितलं असेल. तिने त्याच्या पानात आणखी तूप सोडलं. खिरीची वाटी पुढे सरकवली. साहेब दर वेळी हसायचा, आणि हात मांडीवरच. आता तो कंटाळून उठेल, उठला की संपलं, परवा सुरुंग, आणि धाकूचे तीन उन्हाळे धुरात जातील, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. शेवटी ती मागे उभ्या असलेल्या इनासपाशी गेली. साहेबासमोर आपण होऊन बोलायची त्याला मुभा नव्हती म्हणे, पण विचारल्यावर काय करणार?

"काय चुकलं रे माजं?" ती म्हणाली. "खात का नाय तो?"

"बाये, तुझीच वाट बघता तो," इनास हळूच म्हणाला. "घरची बाई बसून पयलो घास घेता, मगे बाकीचे. तसां नाय केलां तर त्यांच्यात आडदांडपणा. तू बसल्याशिवाय तो संध्याकाळपर्यंत असोच बसतलो."

आवडाबाईला हसावं की रडावं कळेना. सोनजीने ऐकलं होतंच. तो म्हणाला, "आवडे, असलं काय मनात आनू नको. पाहुन्याच्या आदी बाई जेवली तर सगळं अन्न उष्टं व्हतं. पाहुन्याला उष्टं घालनारं गाव म्हनतील आपल्याला. आनि तू तर..." पुढचं त्याने गिळलं, पण ते सगळ्यांना कळलं. नवरा गेलेली बाई, पुरुषांच्या पंगतीत, पाहुण्याच्या समोर, सगळ्यांच्या आधी. त्या काळी एवढ्यावर माणसाला वाळीत टाकायचे. रांधताना आवडाबाईने कधी आमटीचा थेंबसुद्धा जिभेला लावला नव्हता, वासावरून मीठ ओळखायची.

आवडाबाईने कातळाकडे बघून पळी खाली ठेवली.

"गावकर," ती म्हणाली, "मला वाळीत टाकलंत तर एक बाई जाईल. कातळ गेला तर पुन्ना सगळ्या जनी नदीवर. माजं पान मांडा."

कुणी हललं नाही. तेव्हा तिने आपलं पान आपणच मांडलं, साहेबाच्या समोर, आणि पदर सावरून मांडी घातली. भात कालवला. घास उचलला. एवढ्या डोळ्यांसमोर ती जन्मात कधी जेवली नव्हती. घास तोंडात गेला, पण घशाखाली उतरेना. तिने डोळे मिटले आणि गिळला.

साहेबाने लगेच काटा उचलला. उचलला तो डाव्या हातात. पंगतीतून एकच हुंकार निघाला. आवडाबाई मान वर न करता म्हणाली, "त्याचा डावा हात नका बघू. त्याच्या मुलकात गेलात तर तुमचा उजवा असाच बघतील. जेवा आता, निवलं सगळं."

आणि पंगत जेवली. माणसं इतकी भुकेली होती की उष्ट्याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. साहेबाचं जेवण म्हणजे बघण्यासारखं होतं. काट्यावरचा भात तोंडापर्यंत निम्मासुद्धा पोचेना, आणि सुरीने पत्रावळ कापली जाऊन आमटी त्याच्या विजारीवर आली. पोट भरल्यावर त्याने काटा आणि सुरी पानात शेजारी शेजारी ठेवली. त्यांच्यात त्याचा अर्थ पुरे. आमच्यात पानावर आडवा हात धरला तरी वाढतात, तिथे ह्या खुणेला कोण विचारतो? आवडाबाईने आणखी भात वाढला. त्याने खाल्ला आणि पुन्हा काटा-सुरी शेजारी ठेवली. तिने पुन्हा वाढला. तिसऱ्या वेळी बिचाऱ्याने इनासकडे असं काही पाहिलं की इनासला तोंड फिरवून खोकावं लागलं.

मग साहेबाने विचारलं, ते इनासने सांगितलं: घरची बाई जेवली, पण घरचा यजमान कुठे? त्याचे आभार मानायचे राहिले.

मागायचं ते आता मागायचं होतं, आणि सोनजीने गावाच्या वतीने बोलायचं ठरलं होतं. पण प्रश्न आवडाबाईला होता. तिने साहेबाच्या पेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाली, "हा काय. पाणी वाढायला त्योच हाय."

साहेबाला कळलं नाही. मग तिने त्याला सांगितलं, अगदी सरळ. पडली ते, पोर गेलं ते, तीन उन्हाळ्यांचे घाव, छातीतली धूळ. इनास एकेक वाक्य सांगत गेला, आणि शेवटची वाक्यं त्याला नीट सांगता येईनात. "आमच्या घरचा यजमान त्या कातळात हाय," आवडाबाई म्हणाली. "परवा तुमी त्याला उडवनार."

साहेब उठला. झऱ्याशी जाऊन त्याने भेगेत हात घातला, आणि छिन्नीचे घाव एकामागून एक बोटांनी चाचपले. परत आला तो टोपी हातातच धरून निघून गेला. संध्याकाळी त्याची माणसं आली आणि त्यांनी लाल फडक्याच्या खुंट्या उपटून खालच्या उतारावर नेऊन ठोकल्या. तुमची गाडी मघाशी जो लांब फेरा घेऊन वर आली आणि तुमच्यातल्या काहींना मळमळलं, तो फेरा तेव्हाचाच.

आता कुणी म्हणेल, साहेबासाठी एकदा केलं ते ठीक, पुढे कशाला? तेच तर सांगायचंय. पुढच्या वैशाखात पंगत बसली तेव्हा साहेब कुठल्या कुठे गेला होता. पंगतीत सगळे गावचेच. आवडाबाईने वाढलं आणि नेहमीसारखी पळी घेऊन बाजूला उभी राहिली. सोनजी गावकराने पानाला हात लावला नाही. त्याचं बघून शेजारच्याने लावला नाही, आणि तसं करत करत सगळी ओळ थांबली. आवडाबाईला वाटलं, काही वाढायचं राहिलं, म्हणून ती ओळीने बघत फिरली. कुणाच्याच पानात काही उणं नव्हतं.

तेव्हा सोनजी उठला. त्याने आपल्या बुडाखालचा पाट काढला, तो मधोमध नेऊन मांडला, आणि स्वतः येऊन मातीवर बसला. म्हणाला, "आवडे, बस. इतकी वरसं तुज्या घरचं पानी पितोय आमी. तुज्या आदी कसं जेवायचं?"

ती बसली. त्या वर्षी घास गिळायला तिला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला म्हणे, आणि गावाने तेवढी वाट बघितली.

आजही पाट मांडायला गावकराच्या घरचाच माणूस उठतो, आणि तो दिवसभर स्वतः मातीवर बसतो. ह्या वर्षी रांधलेली बाई गेल्या साली लग्न होऊन इथे आली आहे. आली बघा ती. अजून लाजते, तिला तिचा वेळ घेऊ द्या.