अर्धा फेरा

“मागं सोड... सोड मागं...”

ही हाक ऐकून सर्जेरावला जमाना झाला होता. शिकाऊ होता तेव्हा याच मुरमाच्या उतारावरून जड सामान खाली नेताना उस्ताद ती द्यायचे. आज त्यानं उतारावर पाय ठेवला आणि ती कानात आपसूक उठली. उस्ताद तर अजून काही बोललेच नव्हते. गॅरेजच्या शेडच्या दारात बसून चहा फुंकत होते.

“सांगा की उस्ताद, मग गाडी का फिरते?” सर्जेरावनं पुन्हा विचारलं. “पुढं ब्रेकच्या मोठ्या डिस्क घातल्या. मागचे ड्रम काढून तिथंही तेवढ्याच मोठ्या घातल्या. पाइपातली हवा काढली, पॅड बदलले, टायर बदलले. तरी जोरात ब्रेक दाबला की गाडीची शेपूट बाजूला पळते.”

“मागच्या चाकांचं प्रेशर कमी करणारा वॉल्व होता ना तिला?”

“काढून टाकला.”

“का?”

“ताकद अडवून धरत होता. माझी पोरगी बसणार या गाडीत. तिथं कंजुषी कशाला?”

उस्तादांनी चहाचा घोट घेतला...

पोरगी, कस्तुरी, गाडीला टेकून उभी होती. गुरांची डॉक्टर झाली होती. परवा आंबा घाट उतरून तिला कोकणात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. एकटीनं.

“आजोबा, तुम्हीच काहीतरी करा,” ती म्हणाली. “ब्रेक नीट झाल्याशिवाय आबा मला जाऊ देत नाहीत. आणि आबांच्या हातनं ब्रेक काही नीट होत नाहीत. परवा नाही गेले तर माझी जागा दुसऱ्याला देतील.”

“गप्प बस. चार तालुक्यांतली माणसं माझ्याकडं ब्रेक करायला येतात.”

“तेच तर म्हणते. त्यांचे कसे होतात?”

उस्ताद हसले. पेला खाली ठेवला.

“घाल बाई गाडी. उतारावर दाब ब्रेक.”

कस्तुरीनं दाबला. गाडीची शेपूट फिरली आणि गाडी आडवी होऊन थांबली. सर्जेरावचा चेहरा उतरला.

धूळ बसल्यावर उस्ताद वाकले. मुरमावर मागच्या चाकांचे दोन लांब ओरखडे उमटले होते. पुढच्या चाकांची नक्षी मात्र जिथल्या तिथं स्वच्छ दिसत होती.

“मागची आधी अडकतात,” सर्जेराव म्हणाला. “पण का? पुढच्यांना जेवढं दिलं, तेवढंच मागच्यांना दिलंय.”

उस्ताद उतार चढून गेले. वर रस्त्याच्या कडेला टेंपोनं एक गिअरबॉक्स टाकला होता. त्याला साखळी बांधून त्यांनी साखळीत बांबू घातला.

“चल. एवढा खाली नेऊ.”

“आत्ता?”

“मग कधी?”

“बरं, पण मी पुढं होतो. तुमचं वय...”

“पुढं मी. तू मागं हो.”

बांबू खांद्यावर आला. दोघं उतरू लागले. म्हाताऱ्यावर भार पडू नये म्हणून सर्जेरावनं सगळ्या अंगानं मागं ओढून धरलं. चार पावलं गेली असतील, त्याचे पाय मुरमावरून सरकले, गिअरबॉक्स हेलकावला आणि सर्जेराव बाजूला फेकला गेला. उस्ताद तिथंच उभे होते. पाय रोवून.

कस्तुरीनं तोंडावर हात धरला. हसू काही लपलं नाही.

“लागलं का रे?”

“नाही.”

“उचल परत.”

“तुमच्यासाठीच धरलं होतं, उस्ताद.”

“माहीत आहे की.”

“मग सोडून देऊ काय?”

“धर. पण माझ्यापेक्षा कमी धर.”

या खेपेला तो नुसता साथीला चालला. उतारानं भार पुढं गेला, तो उस्तादांनी पेलला. गिअरबॉक्स सरळ शेडपर्यंत गेला. सर्जेरावला वाटलं, आपण काहीच केलं नाही.

खांद्यावरचा बांबू उतरवून त्यानं मुरमावरचे मागच्या चाकांचे ओरखडे पुन्हा बघितले.

“वॉल्व आहे तुमच्याकडं?” त्यानं विचारलं.

उस्तादांनी पत्र्याच्या डब्यातून एक वॉल्व काढला, स्क्रूवर कमीजास्त होणारा. सर्जेरावनं तो मागच्या चाकांकडं जाणाऱ्या पाइपात स्वतःच बसवला. पाइपातली हवा काढली. कस्तुरीनं गाडी वर नेली, उतारावर ब्रेक दाबला. शेपूट हलली.

“अर्धा फेरा कमी कर,” उस्ताद म्हणाले.

सर्जेरावनं पाना लावला. गाडी पुन्हा वर गेली, खाली आली. अजून जराशी हलली.

“अजून अर्धा.”

पुन्हा पाना. पुन्हा गाडी वर.

या वेळी गाडीनं नाक खाली घातलं आणि ती सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. आधीपेक्षा लवकर.

“आबा!” कस्तुरी आतून ओरडली. “थांबली!”

सर्जेरावनं हात पुसले. पुढं होऊन गाडीची किल्ली काढून घेतली आणि मुठीत धरली.

“बरं झालं. आता परवा मी माझ्या गाडीनं तुझ्या मागनं येतो. घाट उतरेपर्यंत. म्हणजे... खाली आलोच आहे तर चार दिवस राहीन. खोली बघीन. शेजारपाजार बघीन. पटलं नाही तर परत घेऊन...”

कस्तुरी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या उताराकडं बघत राहिली.

उस्ताद चिंधीनं पाना पुसत होते.

“अजून अर्धा फेरा राहिला, सर्जा.”

सर्जेराव वॉल्व बघायला वाकला. स्क्रू होता तिथंच होता. बरोबर होता...

तो सावकाश उभा राहिला. उस्तादांकडं बघितलं. मग मूठ उघडून किल्ली कस्तुरीच्या हातात ठेवली, “घरी एकटीच ने. परवा घाटातही,” म्हणाला आणि उतार चढून एसटीच्या थांब्याकडं चालू लागला.