जीप पोचेना असं ठिकाण

हौसाबाईंचं माहेर पन्हाळ्याकडच्या पठारावर. हल्ली दुपारी जरा डोळा लागला, की ते पठार ढगांत तरंगत त्यांच्या उशाशी येई आणि धुक्यातून गुरांच्या घंटा किणकिणत.

तिथली वाट दगडधोंड्यांची. म्हणून त्यांच्या मुलाने, रणधीररावांनी, जीपला लिफ्ट किट बसवून तिची उंची वाढवायचं ठरवलं. "दोन इंच पुरेत," असं बायको सांगत होती. पण रणधीरराव पडले जीपवाल्यांच्या क्लबाचे अध्यक्ष! त्यांनी जीप चांगली सहा इंच उचलून घेतली. हौसाबाईंनी चढायचा प्रयत्न केला, पण पाय पायरीपर्यंत जाईना. "पुढच्या वेळी नेतो," म्हणत रणधीरराव मित्रांबरोबरच पठारावर जाऊन आले.

एका रविवारी अंगणात मित्र जमले होते. रणधीररावांनी बॉनेटवर थाप मारली. "माझी जीप पोचणार नाही असं एक तरी ठिकाण सांगा. सांगेल त्याच्या म्हणण्याप्रमाणे जीप बदलून घेईन!"

कुणी नदीचं पात्र सांगितलं, कुणी घाटातला कडा. रणधीररावांनी सगळं हसण्यावारी नेलं.

"मी सांगू?" ओसरीवरून हौसाबाई म्हणाल्या. "माझे पाय. सगळीकडं जाऊन आली रे तुझी जीप, पण आईच्या पायाशी काही पोचली नाही."

रणधीररावांची मान खाली गेली.

"मग काय करू, आई?"

"चार इंच खाली ये, बाळा."

पुढच्या आठवड्यात ते पठारावर पोचले, तेव्हा धुक्यात जीपसुद्धा दिसेना. हौसाबाई मात्र ओल्या गवतातून अशा चालत निघाल्या, जणू स्वयंपाकघरातून माजघरात जाताहेत.