नवव्या प्रकरणापाशी

खैरगावच्या दर्ग्याच्या पडवीत उरुसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक ग्रंथ वाचतात. प्रकरणं बारा, पण वाचन नवव्यापाशी थांबतं. बाहेरून आलेले पाहुणे कारण विचारतातच. मग म्हातारे मुजावर उस्मानभाई याच गावच्या शेख मुनीरुद्दीनांची हकिकत सांगायला बसतात.

मुनीरुद्दीन बहामनी काळातले म्हणे. त्या वेळी नुसता ग्रंथ वाचून कुणी विद्वान होत नसे. तो गुरूच्या तोंडून ऐकावा लागे, आणि गुरूनं तो आपल्या गुरूकडून ऐकलेला असे. कुणाकडून, कुठे, कोणत्या साली काय ऐकलं, याची प्रत्येकाजवळ वही असे. मुनीरुद्दीनांच्या वहीत या ग्रंथापुढे लिहिलं होतं, 'बिदरला, मौलाना फसीहांकडून, संपूर्ण.' त्या शेवटच्या शब्दावर त्यांनी साठ शिष्यांना ग्रंथ शिकवण्याची परवानगी दिली होती.

एकदा त्यांचा लाडका शिष्य बुरहान बिदरला मौलानांची मूळ प्रत पाहून आला. तिच्या शेवटच्या पानावर ऐकणाऱ्यांची हजेरी होती. तो मान खाली घालून म्हणाला, "उस्ताद, तुमच्या नावापुढे नऊच प्रकरणं लिहिलीत. लिहिणाऱ्याची चूक असेल."

"चूक माझी आहे," मुनीरुद्दीन म्हणाले. "ताप भरला म्हणून मी उठून गेलो. बरा होऊन आलो, तर मौलानांना माती दिली होती. घरी कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून 'संपूर्ण' लिहिलं."

"हे कुणालाच ठाऊक नाही, उस्ताद."

"मला ठाऊक आहे ना. चाळीस वर्षं झाली, बाबा."

पडद्याआडून सगळा ग्रंथ ऐकलेली मौलानांची लेक सालिहाबी, ऐकणाऱ्यांपैकी तेवढी एकच आता हयात होती. सत्तरीचे मुनीरुद्दीन उरलेलं तिच्याकडून ऐकायला पायी बिदरला निघाले. पोचले तेव्हा तिला जाऊन आठ दिवस झाले होते. तिच्या उंबऱ्यावर बसून ते रडले, असं सांगतात.

परतल्यावर त्यांनी वहीतलं 'संपूर्ण' खोडलं आणि साठही शिष्यांना तसं कळवलं. कित्येकांच्या मदरशातल्या जागा गेल्या. एकानं पत्र फाडून त्याचे तुकडे परत धाडले. उस्तादांच्या मयतीला गावचे चार विणकर आणि बुरहान, एवढेच होते.

पुढे बुरहाननंच हे वाचन सुरू केलं. आजही वाचणारा नववं प्रकरण संपवून म्हणतो, "याच्यापुढचं आम्ही ऐकलेलं नाही." छापील प्रत बाजारात मिळते, उरलेली तीन प्रकरणं कुणीही घरी वाचावीत. खैरगावात मात्र ती कुणी मोठ्यानं वाचत नाही.