राजाच्या वाटेवरची माणसं

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात एक भला राजा होता. भला म्हणजे खरोखरच भला, फक्त स्वतःच्या हुशारीवर त्याचा जरा जास्तच विश्वास. बाजाराच्या दिवशी तो व्यापाऱ्याचा वेष घेऊन हिंडायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचा आणि मगच हुकूम काढायचा. "मी दरबाऱ्यांचं नाही, रयतेचं ऐकतो," असं तो अभिमानानं सांगे.

बिचाऱ्याला काय ठाऊक, की तो कोणत्या वाटेनं जाणार आणि वाटेत त्याला कोण भेटणार, हे आधीच ठरलेलं असायचं. ठरवणारे चौघे होते: कारभारी, कोतवाल, नगरशेठ आणि राजपुरोहित. दरबारात ते एकमेकांशी धड बोलतसुद्धा नसत. आतून मात्र चौघांचं साटंलोटं. आपल्याला हवं ते वाक्य ते बाजारातल्या माणसांना पढवून ठेवत, राजा ते ऐके आणि तसाच हुकूम निघे.

त्याच बाजारात वडाखाली एक कासारीण बायाबापड्यांना बांगड्या भरत बसे. नवरा गेलेला, पदरात दोन लेकी, सगळं पोट या बाजारावर. एके सकाळी कोतवालाचा माणूस तिच्यापुढं येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आज हिरव्या पगडीचा व्यापारी येईल. त्याला सांगायचं, 'नदीकाठी चोरांचा सुळसुळाट झालाय, बाजार वेशीच्या आत न्यावा.' सांगितलंस तर आत तुला फुकट गाळा. नाही सांगितलंस तर ही जागाही जाईल."

"पण इथं चोर आहेत कुठं?" कासारणीनं विचारलं.

"तुला काय करायचंय? शेजारचा दोरवाला बघ, मुकाट्यानं हो म्हणाला."

वेशीच्या आतली सगळी जागा नगरशेठची होती. तिथलं भाडं भाजीवालीला, मडकीवाल्याला कुठून परवडणार? कासारणीनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. हो म्हटलं तर लेकींची चिंता मिटत होती, पण वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या माणसांची चूल विझत होती.

तेवढ्यात हिरवी पगडी आलीच. "काय मावशी, बाजार कसा काय?"

कासारीण म्हणाली, "शेठ, मला एक वाक्य पढवलंय, ते मी काही बोलायची नाही. तुम्ही पुढं दोरवाल्याकडं जा. तो म्हणेल, नदीकाठी चोरांचा सुळसुळाट झालाय, बाजार वेशीच्या आत न्यावा."

बाई जरा चक्रम दिसते, असं मनाशी म्हणत राजा दोरवाल्यापुढं जाऊन उभा राहिला. दोरवाल्यानं मान खाली घालून तेच वाक्य म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. पुढं तेलीण होती, तिनंही तेच म्हटलं. त्यापुढच्या मडकीवाल्यानं 'नदीकाठी' एवढं म्हणताच राजानं हात वर करून त्याला थांबवलं.

राजाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं आपण ऐकलं ते रयतेचं की आणखी कुणाचं? तो परत वडाखाली आला आणि कासारणीपुढं मांडी घालून बसला.

"मावशी, मी राजा आहे."

"ते पोरासोरांनाही ठाऊक आहे, महाराज."

राजा ओशाळून हसला. "मग तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण उद्या भाजीवालीला तोंड कसं दाखवू, याची जास्त वाटली."

राजानं तिथंच हिरवी पगडी उतरवली आणि ती पुन्हा कधी घातली नाही. कासारणीनं दाखवलेल्या कोतवालाच्या माणसाला त्यानं दरडावून विचारलं, तेव्हा चौघांची नावं बाहेर आली, आणि त्यांना त्याच दिवशी पदांवरून काढलं. भीतीपोटी बोललेल्या दोरवाल्यावर, तेलिणीवर मात्र त्यानं राग धरला नाही. पुढच्या बाजारी तो आपल्याच वेषात वडाखाली येऊन बसला आणि म्हणाला, "ज्याला जे सांगायचंय, ते सगळ्यांदेखत सांगा." कुणी म्हणालं, घाटाच्या पायऱ्या तुटल्यात. कुणी म्हणालं, शिपाई फुकट भाजी उचलतात. एक म्हातारी तर म्हणाली, "तुमची स्वारी निघाली की आमचा धंद्याचा दिवस बुडतो." राजाचे कान लाल झाले, पण तो उठला नाही. धन्य त्या राजाची, आणि त्याहून धन्य त्या कासारणीची.

बाजार नदीकाठीच राहिला. चोरांचं नाव मात्र त्या दिवशी एकानंही काढलं नाही.

तात्पर्य काय, तर पडद्याआडून राज्य हाकणाऱ्यांचं सगळं बळ तुमच्याआमच्या तोंडून बोलण्यात असतं. एकानं जरी पढवलेलं बोलायला नकार दिला, तरी त्यांचा डाव उघडा पडतो.