मागे केलेला हात

“तेवढं एकच सांगा बाबा, मुख्यमंत्र्याची खुर्ची मला परत मिळेल ना?”

दस्तगीरबाबा चुलीवर चहा ठेवत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

विचारणारा कुणी ऐरागैरा नव्हता. भगवंतराव ढमाले, दोनदा राज्याचे मुख्यमंत्री झालेले! आज मात्र गाड्या, बंदोबस्त, सगळा लवाजमा पायथ्याला सोडून टेकडीवरच्या दर्ग्यात धापा टाकत एकटेच आले होते. संध्याकाळपर्यंत निरोप द्यायचा होता. त्यांनी ‘हो’ म्हटलं की आमदार फुटणार आणि सरकार कोसळणार.

“सरकार कुणाचं रे?” बाबांनी विचारलं.

“श्रीपतीचं. आमच्याच श्रीपतीचं! काल-परवापर्यंत माझ्या मागे उभा राहायचा हो. माझ्या हाताखाली वाढला आणि आता मलाच डोळे दाखवतोय.”

“तुला दोनदा मिळाली होती ना खुर्ची?”

“मिळाली होती.”

“मग?”

“मन भरलं नाही बाबा...”

एवढं मात्र ते अगदी खरं बोलले.

बाबा उठले. मजारीवरचा गुलाबांचा ताजा हार उचलून त्यांनी भगवंतरावांच्या गळ्यात घातला.

भगवंतरावांना केवढं हायसं वाटलं! म्हणजे आशीर्वाद मिळाला म्हणायचा. त्यांनी हात जोडले. आणि जन्माची सवय ती... लगेच हार काढला, मागे न बघताच हात मागे केला.

हार कुणी घेतला नाही.

हात तसाच राहिला... शेवटी त्यांनी वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

“कुणाला देतोस?”

“श्री...”

नाव अर्ध्यावरच अडलं. सभा कुठलीही असो, गर्दी कितीही असो, हार मागे गेला की घ्यायला श्रीपतीचा हात असायचाच. कधी वळून बघावंच लागलं नव्हतं.

खिशातला फोन वाजू लागला. निरोपाची वाट बघणारेच असणार. वाजून वाजून तो थांबला.

“बाबा... काय करू मी?”

बाबांनी त्यांच्या हातातला हार घेतला आणि पुन्हा त्यांच्याच गळ्यात घातला.

“सुकेपर्यंत राहू दे गळ्यात. मग ये, खुर्चीचं बोलू.”