नदीचं अंथरूण

या रानातले थोरले वृक्ष अजून रोपटी होते, तेव्हाची गोष्ट. एका धुकट सकाळी सगळे प्राणी नदीकाठी जमले. आपल्यामागेही नदी अशीच मोकळी वाहावी, म्हणून तिच्यासाठी जागा राखायची होती.

"काठापासून चार उड्या सोडू. पुढे आपली घरं. पुष्कळ झालं!" साळिंदर म्हणालं.

"बाळा, नदी झोपेत कूस बदलते," कासवआजी म्हणाली. "तिला अंथरूण मोठं लागतं."

"नदी कधी झोपते का? उगाच काहीतरी!" साळिंदर फणकारलं आणि रुसून सगळ्यांपासून दूर, टेकडीच्या पायथ्याशी बीळ खणायला गेलं.

खणता खणता एक गोटा निघाला, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. मग दुसरा. मग गोटेच गोटे. साळिंदर एक गोटा लोटत लोटत आजीपाशी आलं.

"आजी, नदी पार टेकडीपर्यंत आली होती?"

"माझ्या आजीच्या लहानपणी."

"परत येईल?"

"येईल की."

साळिंदराने बीळ बुजवलं आणि ते टेकडीवर राहायला गेलं. त्याच्यामागून सगळेच गेले.

पुष्कळ पावसाळ्यांनंतर एकदा नदीने कूस बदलली आणि ती पायथ्याच्या गोट्यांवर येऊन निजली. टेकडीवर साळिंदराची पतवंडं झोपली होती. त्यांना जागही आली नाही.