स्वस्त कंट्रोलर आणि गुरुजींचा अंगठा

एकदा एक गुरू शिष्याच्या खरेदीला निघाला. शिष्याने बोलावले नव्हते. बोलावल्याशिवाय निघणे हा ज्ञानवृद्धांचा जुना अधिकार आहे, आणि तो त्यांना कोणी दिला हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

गुरुजी एकोणसत्तर वर्षांचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, दर गुरुवारी वाचनालयाच्या सभागृहात प्रवचन देणारे. अनासक्ती हा त्यांचा विशेष आवडीचा विषय. शिष्याचे नाव सुमेध, वय एकवीस. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. तेव्हापासून गुरुजी रोज संध्याकाळी त्याच्या घरी येऊन गणित शिकवीत, आणि त्याबद्दल त्यांनी एक पैसाही घेतला नाही. हे मोठेपण खरे होते; ते इथे कोणी नाकारत नाही. पण त्या सात वर्षांत त्या घरात एक रीत पडली. गुरुजींनी हात लावल्याशिवाय वस्तू घरात येत नसे. गॅसची शेगडी त्यांनी पसंत केली, मिक्सर त्यांनी पसंत केला, आणि सुमेधची इंजिनिअरिंगची शाखाही त्यांनीच पसंत केली. शेगडी आणि मिक्सर अजून उत्तम चालतात.

इंजिनिअरिंग सुमेधने दुसऱ्या वर्षी सोडले. आता तो संगणकावर फुटबॉल खेळत असे. अनेक वडीलधाऱ्यांना एवढे वाक्य वाचूनच हसू येईल. त्यांनी हसून घ्यावे, कथा थांबायला तयार आहे.

झाले? तर, या खेळाच्या स्पर्धा होतात, संघ असतात, संघ पोसणारेही असतात. पुण्यातल्या अशा एका संघाने सुमेधला निवड चाचणीसाठी बोलावले होते. निवड झाली तर राहायला जागा, महिन्याचे मानधन आणि वर्षभर सराव. पहिल्या चाचणीत त्याच्या जुन्या कंट्रोलरने दगा दिला. कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायचे यंत्र. त्यावर अंगठ्याखाली एक लहानशी काडी असते. ती जिकडे झुकवावी तिकडे पडद्यावरचा खेळाडू धावतो. सुमेधच्या कंट्रोलरची काडी आतून झिजली होती. त्याने अंगठा उचलला तरी त्याचा बचावपटू डावीकडे चालत सुटला, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून समोरच्याने गोल केला. निवडणाऱ्यांनी बजावले, रविवारी शेवटची संधी. कंट्रोलर ज्याचा त्याने आणायचा आणि तो बिघडल्याची सबब पुन्हा सांगायची नाही.

आईने पैसे काढून दिले, पण अट घातली.

"गुरुजी हो म्हणतील तोच घ्यायचा. तुला दुकानदार गुंडाळून ठेवतील."

"आई, गुरुजींना टीव्ही लावायला शेजारच्यांना हाक मारावी लागते."

"त्यांना माणसं ओळखता येतात. तेवढं पुरे."

ही अट कानावर येताच गुरुजी स्वतःहूनच निघाले. शुक्रवारी सकाळी ते आणि सुमेध मोबाइल गल्लीत मुबारक बागवान यांच्या दुकानी पोचले. मुबारकभाई उठून उभे राहिले.

"या गुरुजी, बसा. ओळखलं का? नववीत तुम्ही मला आठवडाभर बाकावर उभं केलं होतं."

"कशाबद्दल?"

"ते तुम्हीच सांगा. मला अजून कळलेलं नाही."

गुरुजी हसले. असल्या गोष्टींवर शिक्षकांना हसू येते, विद्यार्थ्यांना तीस वर्षांनी येते.

मुबारकभाईंनी काचेच्या काउंटरवर दोन कंट्रोलर ठेवले. किंमत दोन्हींची जवळपास सारखी. पहिला जगभर नाव असलेल्या कंपनीचा, दोन वर्षे वापरलेला, पुसून चकचकीत केलेला. दुसरा कोरा, बिनतारी, पण कंपनीचे नाव असे की मुबारकभाईंनाही ते एका दमात वाचता येईना.

गुरुजींनी पहिला उचलला. तळहातावर तोलला. पाठीमागचे नाव चष्मा वर करून वाचले. मग सगळी बटणे जोरजोराने दाबली, अंगठ्याखालची काडी गरागरा फिरवली आणि समाधानाने मान हलवली.

"वस्तू ही अशी असावी. हातात धरताच तिची परंपरा जाणवते. नाव एका दिवसात मिळत नाही, सुमेध. त्यामागे तपश्चर्या असते."

"गुरुजी, माझा बिघडलेला आहे ना, तो ह्याच कंपनीचा."

"तू आदळला असशील."

"नाही आदळला."

"मग जास्त खेळला असशील."

"खेळण्यासाठीच आहे तो."

"उलट उत्तर नको." गुरुजींनी दुसऱ्या कंट्रोलरला बोटाने किंचित ढकलले, जसा पंगतीत नको असलेला पदार्थ ढकलतात. "ह्याचं कुळ काय, मूळ काय? उद्या बंद पडला तर दाद कोणाकडे मागणार?"

"माझ्याकडे," मुबारकभाई म्हणाले. "मी कुठं जातोय गुरुजी? दुकान इथंच आहे."

गुरुजींनी ते ऐकले नाही. त्यांनी पहिला कंट्रोलर दोन्ही हातांनी उचलून सुमेधसमोर धरला. त्या घरची रीत अशीच होती. गुरुजींच्या हातून वस्तू घेतली की व्यवहार पुरा झाला.

सुमेधने तो घेतला, आणि मग सर्वांना चमत्कारिक वाटेल असे काही केले. त्याने मुबारकभाईंना कंट्रोलर संगणकाला जोडून खेळ लावायला सांगितले. पडद्यावर हिरवे मैदान आले, मैदानाच्या मध्यभागी एकटा खेळाडू उभा राहिला. आणि सुमेधने कंट्रोलर काउंटरवर ठेवला, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि पाहत उभा राहिला.

चार्जर घ्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "खेळ की रे! लाजतोस काय?"

सुमेधने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"अरे, यंत्राची परीक्षा अशी करतात का?" गुरुजी म्हणाले. "काहीतरी कर!"

"काही न करणं हीच परीक्षा आहे, गुरुजी. थांबा जरा."

दहा-पंधरा सेकंद काही झाले नाही. मग पडद्यावरच्या खेळाडूने एक पाऊल डावीकडे टाकले. पुन्हा एक. आणि मग तो, कोणी काही सांगितले नसताना, सावकाश डावीकडे चालू लागला.

"कोणी हात लावला?" असे म्हणत गुरुजी पुढे झाले आणि त्यांनी काडीवर अंगठा ठेवला. खेळाडू तत्काळ थांबला. "हे बघ. व्यवस्थित आहे."

"तुम्ही धरलाय म्हणून व्यवस्थित आहे. सोडा."

त्यांनी सोडले. खेळाडू डावीकडे निघाला. त्यांनी पुन्हा अंगठा टेकवला. तो थांबला. सोडले, तो निघाला. तिसऱ्या वेळी मात्र सुमेधने त्यांचे मनगट धरले.

"नका ना हात लावू! मला तो हात सोडल्यावर कसा वागतो ते बघायचंय. रविवारी तुम्ही नसणार तिथं."

शिष्याने गुरूचे मनगट धरणे हे आपल्या कथांत बसत नाही. इथे ते घडले, म्हणून लिहिले आहे.

मग सुमेधने दुसरा, बिनकुळाचा कंट्रोलर जोडला. तोही काउंटरवर ठेवला. हात मागे. पडद्यावर तोच खेळाडू उभा राहिला. एक मिनिट झाले. मुबारकभाईंनी चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला. चार्जरवाले गृहस्थ चार्जर घेऊनही तिथेच रेंगाळले. गुरुजींची बोटे काउंटरच्या काचेवर चुळबुळत होती. दोनदा ती पुढे गेली आणि दोनदा त्यांनी ती आवरली. खेळाडू आपल्या जागी उभा होता. वाऱ्याने केस हलावेत तेवढेच त्याचे केस हलत होते.

"हे कसं?" गुरुजींनी अखेर विचारले. त्यांच्या स्वरात राग होता, पण त्याखाली खरे कुतूहलही होते. ते मुळात शिक्षक होते, हे त्यांच्याविषयी चांगले बोलण्याजोगे आहे.

सुमेध म्हणाला, "तुमच्या पसंतीच्या कंट्रोलरमध्ये काडीखाली एक पट्टी असते. काडी कुठं झुकली हे कळायला आतला भाग त्या पट्टीवर घासतो. प्रत्येक वेळी घासतो. घासून घासून पट्टी झिजते, आणि मग अंगठा नसतानाही तिला वाटत राहतं की अंगठा आहे. ह्या दुसऱ्यात लोहचुंबक आहे. तो कुठं टेकतच नाही, लांबूनच त्याला कळतं काडी कुठं आहे. घासणं नाही, म्हणून झिजणं नाही. नाव नसलेल्या कंपनीनं हे केलं, कारण नावावर खपवायची तिला सोय नव्हती."

"समजलं," गुरुजी म्हणाले. "यंत्राचं समजलं. मनगट का धरलंस?"

"सांगू? भर दुकानात?"

"घरी सांगायचं होतंस."

"घरी तुम्ही बोलू देत नाही." सुमेधचा आवाज चढला. "सात वर्षं, गुरुजी. पेन कुठलं, मित्र कुठले, शाखा कुठली. फॉर्म तुम्ही भरलात, सही तेवढी माझी. मी कधी डगमगलो की तुमचा अंगठा तयार. लोक म्हणायचे, काय सरळ पोरगा आहे! सरळ नव्हतो. धरलेला होतो. कॉलेज सोडलं तेव्हा वाटलं, सुटलो. तर पुढचे आठ महिने रोज पहाटे पाचला उठून मेकॅनिक्सचं पुस्तक उघडून बसत होतो. कॉलेज नाही, परीक्षा नाही, वाचतही काही नव्हतो. नुसता बसायचो. का, ते मलाच कळत नव्हतं. त्या बचावपटूसारखा एका बाजूला चालत होतो."

गुरुजींचा चेहरा उतरला. "मी नसतो तर तुझं काय झालं असतं, याचा विचार केलास कधी?"

"रोज करतो. तुमचे उपकार आहेत, ते मी मरेपर्यंत नाकारणार नाही. पण उपकार केले म्हणून काडी कायम तुमच्याच हातात ठेवायची, हे मला मान्य नाही. रविवारी मी हरेन कदाचित. हरलो तर माझ्या अंगठ्यानं हरेन. एकदा तरी हरू द्या मला."

चार्जरवाले गृहस्थ पुटपुटले, "आजकालची पोरं." मुबारकभाई त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला पिशवी देऊ का?" गृहस्थ निघाले.

गुरुजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. कोणीही स्पर्श केलेला नव्हता आणि खेळाडू उभा होता. दर गुरुवारी शंभर माणसांना ते जे समजावीत आले होते, ते एका स्वस्त यंत्राने त्यांच्यासमोर करून दाखवले होते.

मुबारकभाईंनी जुन्या सवयीने त्यांनाच विचारले, "मग गुरुजी, कोणता बांधू?"

गुरुजींचा हात उठला. दोन्ही कंट्रोलरांच्या मधोमध क्षणभर थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

"त्याला विचार."

सुमेधने दुसरा उचलून मुबारकभाईंच्या हाती दिला. पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "आईला काय सांगू? तिची अट आहे."

"सांग, गुरुजींनी हात लावला नाही," गुरुजी म्हणाले. थोडे चालल्यावर त्यांनी पुढे जोडले, "आणि सांग, वस्तू चांगली आहे."

रविवारी चाचणीत सुमेध तिसऱ्या जागेचा सामना हरला. तिघांना घ्यायचे होते, तो चौथा आला. खेळाडू जिथे गेला तिथे सुमेधने नेला म्हणून गेला. शेवटचा चुकलेला पासही त्याचाच होता.

सोमवारी संध्याकाळी गुरुजी नेहमीच्या वेळी घरी आले. आईने चहा ठेवला. सात वर्षांत गुरुजी दाराशी चप्पल काढतानाच विचारत, "काय झालं रे?" त्या दिवशी ते येऊन बसले आणि चहा पिऊ लागले. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत राहिले. प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत येत होता, हे आईलाही दिसत होते. त्यांनी तो चहाबरोबर गिळला.

कप निम्मा झाला तेव्हा सुमेध आपणहून त्यांच्याजवळ येऊन बसला.

"हरलो, गुरुजी. शेवटच्या मिनिटाला मी घाई केली."

"हं," गुरुजी म्हणाले. काय चुकले हे त्यांनी सांगितले नाही. पुढे काय करावे हेही सांगितले नाही. मग सुमेध बोलत राहिला, तासभर बोलला, आणि गुरुजी ऐकत राहिले. त्या घरात हे पहिल्यांदाच होत होते.

एका ज्ञानवृद्ध माणसाला हे साधायला एकोणसत्तर वर्षे लागली. वाचकहो, तुमचे वय किती?